दोन डॉलरचा मुखवटा, पडवीतला काळोख

‘हॅलोवीन’ (१९७८) हा अमेरिकी भयपट बघताना कोकणातल्या माणसाची पहिली पंचाईत होते ती ही, की यातल्या मारेकऱ्याचं म्हणणं काय आहे तेच कळत नाही. आपल्याकडे देवचार असो, मुंजा असो, हडळ असो, प्रत्येकाची काहीतरी तक्रार असते. कुणाचा नारळ चुकलेला असतो, कुणाची वाट अडवलेली असते, कुणाचा वाटा भावकीने खाल्लेला असतो. गाऱ्हाणं घालायचं, मान द्यायचा, विषय मिटतो. निदान मिटेल अशी आशा असते. मायकल मायर्सला मान द्यायची सोयच नाही. सहा वर्षांचा असताना त्याने मोठ्या बहिणीला सुरीने मारलं. का मारलं, ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. पंधरा वर्षं मनोरुग्णालयात गप्प बसून राहिला आणि एका रात्री गाडी पळवून गावी परतला. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या माणसाला नावही दिलेलं नाही; नुसतं ‘द शेप’, म्हणजे आकृती.

चित्रपट जॉन कार्पेंटरचा. कथा त्याची आणि डेब्रा हिलची, निर्मितीही तिचीच. पैसे मुस्तफा अक्कादने घातले, सुमारे सव्वातीन लाख डॉलर. त्या वेळच्या दराने २६-२७ लाख रुपये. हॉलिवूडमध्ये तेव्हाही ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. चित्रीकरण सुमारे वीस दिवसांत उरकलं. एकट्या अमेरिकेत त्याने साधारण ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. हा आकडा सगळेच सांगतात आणि तो ऐकून सावंतवाडीपासून दापोलीपर्यंत कुणी ना कुणी ‘आपण पण एक भयपट काढू’ म्हणून कॅमेरा भाड्याने आणतो. म्हणून इथे आकड्यापेक्षा हिशेबाबद्दल लिहिलेलं बरं: पैसा कुठे वाचवला आणि कुठे वाचवला नाही. या चित्रपटाचं खरं यश त्या वाटणीत आहे.

मुखवटा बघा. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने हॉलिवूडच्या दुकानातून दोन मुखवटे आणले होते. एक विदूषकाचा, दुसरा ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. दुसऱ्याची किंमत दोन डॉलरच्या आत. त्याच्या भुवया काढल्या, कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि वर पांढरा रंग मारला. बस. डोळ्यांची भोकं मोठी केल्यामुळे वरून प्रकाश पडला की आत नुसता अंधार दिसतो, डोळे दिसतच नाहीत. चेहरा आहे, पण तो कुणाचाच नाही. ज्यांनी लहानपणी शिमग्यात काळ्या वेषातला संकासूर अंगावर धावून येताना पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको. संकासुराच्या आत वाडीतलाच कुणीतरी आहे हे पोराला माहीत असतं, तरी ते आईच्या पदरात शिरतं, कारण तोंड दिसत नाही.

आपल्याकडे हा मुखवटा करून बघणाऱ्यांची चूक ठरलेली आहे. रबरी मुखवट्यावर थेट ॲक्रिलिक रंग मारतात. रबर ताणलं जातं, रंग ताणला जात नाही. दुसऱ्या दिवशी गालावर भेगा पडून पोपडे निघतात आणि प्रत्येक शॉटमध्ये चेहरा वेगळा दिसतो. रंगात लिक्विड लेटेक्स मिसळून स्पंजने पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरावा. शुभ्र पांढरा टाळावा. एलईडी दिव्याखाली तो चुना फासल्यासारखा चमकतो. चिमूटभर राखाडी घातला की मेलेल्या कातडीचा रंग येतो.

गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या कल्पित गावात ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्या सणाला घडते, चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, दक्षिण पॅसाडेना भागात, वसंत ऋतूत झालं. झाडं हिरवीगार. मग कागदाची पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की झाडून पोत्यात भरायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. नीट बघितलंत तर मागे हिरवी झाडं दिसतात, गाड्यांवर कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटा दिसतात, एखादं ताडाच्या जातीचं झाडही डोकावतं. समीक्षकांपैकी फारसं कुणी यावरून अडून बसलं नाही, कारण पुढे फुटपाथवर पानं उडताना दिसतात आणि डोळा तिथेच राहतो. उलट आपल्याकडचे भयपट मेमध्ये चित्रित करून आषाढाचे म्हणून दाखवतात. नळीने पाऊस पाडतात, पण मागचा सडा करपलेला, कातळ पिवळा आणि पायाखाली धूळ. पाऊस खोटा असला तरी चालतो. जमीन आधी ओली करा, पाऊस नंतर पाडा. तुळशीवृंदावनाभोवती शेवाळ नसेल तर कॅमेरा खाली झुकवू नका.

आता पैसा कुठे वाचवला नाही ते. कॅमेऱ्यावर. एवढ्या कमी भांडवलात माणूस १६ मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर काम भागवेल, पण कार्पेंटरने पॅनाव्हिजनच्या ॲनामॉर्फिक लेन्स घेतल्या, २.३५ ला १ असा लांबट पडदा. छायाचित्रकार डीन कंडी. लांबट पडद्याचा उपयोग काय, तर मुलगी एका कडेला उभी राहून फोनवर बोलतेय आणि उरलेला दोन-तृतीयांश पडदा रिकामा आहे. तो रिकामा भाग बघणाऱ्याला सुखाने बसू देत नाही. कधी त्यात आकृती उभी असते, कधी नसते. नसते तेव्हा जास्त त्रास होतो.

सुरुवातीचा शॉट तर शिकवणीला लावावा असा. जवळपास चार मिनिटं आपण कुणाच्या तरी डोळ्यांतून घर बघतो. बाहेरून फेरी, खिडकीतून आत नजर, मागच्या दाराने स्वयंपाकघर, खणातून सुरी, जिना, वर जाऊन मुखवटा चढवणं, खून, पुन्हा खाली, अंगणात. मग मुखवटा ओढला जातो आणि समोर विदूषकाच्या कपड्यातलं सहा वर्षांचं पोरगं. पॅनाग्लाइड नावाचा अंगावर बांधायचा कॅमेरा तेव्हा नवा होता. शॉट अखंड वाटतो, पण जोड आहेत. एक जोड मुखवटा चढवतो तिथे, दोन भोकांपलीकडे सगळं काळं होतं त्या आडोशाला. पोराचे म्हणून जे हात दिसतात ते खुद्द डेब्रा हिलचे. घर पडीक होतं. पडकं म्हणून जे दाखवायचं ते आधी तसंच चित्रित केलं आणि हा सुरुवातीचा प्रसंग सगळ्यात शेवटी, सगळ्या चमूने मिळून घराला रंग दिल्यावर. क्रम उलटा लावला म्हणून एकाच घरात दोन काळ मिळाले. गावात मोडकळीला आलेलं घर भाड्याने घेणाऱ्यांनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी: शेण सारवणं, चुना मारणं, कौलं चाळणं हे सगळं शेवटच्या दिवशी.

प्रकाश हा आपला कच्चा दुवा. ‘हॅलोवीन’मधला अंधार निळा आहे, मागून निळा प्रकाश, खिडकीतून येणारी दिव्याची तिरीप, आणि पुढे काही नाही. सगळ्यात गाजलेल्या क्षणी नायिका लॉरी (जेमी ली कर्टिस) काळ्या दाराला टेकून रडते आणि त्या काळोखात पांढरा चेहरा हळूहळू उमटतो. कुणी चालत पुढे येत नाही. डिमरवर लावलेला एक छोटा दिवा सावकाश वाढवला, एवढंच. आपल्याकडच्या घरात हाच प्रयोग फसतो तो भिंतीमुळे. उघडा चिरा प्रकाश पिऊन टाकतो. त्याच्यासमोर गडद कपड्यातला माणूस उभा केला की माणूस आणि भिंत एकच होतात. मागे चुन्याची भिंत असेल तर उलट सगळी खोली उजळते. त्यामुळे पडवी निवडा. मागे माजघराचं उघडं दार, आतला दिवा बंद, खळ्यात उंचावर एक निळसर दिवा, गजांतून तिरका. गजांच्या सावल्या फुकट मिळतात. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं. बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडा. पुसत बसलात तर डाग राहतात आणि रात्र जाते.

रक्त? या चित्रपटात ते नावापुरतं आहे. पहिल्यांदा बघणारे नंतर शपथेवर सांगतात की बरंच रक्त होतं. पुन्हा बघा, नाहीये. लॉरीच्या मैत्रिणीच्या मित्राला, बॉबला, सुरीने स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगतो तेव्हाही कॅमेरा जखमेवर रेंगाळत नाही. रेंगाळतो तो मारेकऱ्यावर, कारण तो मान तिरकी करून बघतोय, भिंतीवर लावलेली तसबीर सरळ आहे का बघावं तसा. तो मानेचा एक झोका बादलीभर रक्ताला भारी आहे आणि त्याला खर्च शून्य. मुखवट्यात होता निक कॅसल, रोज २५ डॉलर.

तरीही ज्यांना रक्त हवंच आहे त्यांच्यासाठी: अर्धा किलो लिक्विड ग्लुकोज (केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं), १०० मिली कोमट पाणी, एक मोठा चमचा खायचा लाल रंग, एक चमचा कोको पावडर, निळ्या रंगाचे एक-दोन थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या जखमेतून बाहेर आल्यासारख्या दिसतात. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात सरबतासारखा गुलाबी पडतो, म्हणून निळा आणि कोको. कोकमाचं आगळ वापरायचा मोह कोकणात सगळ्यांना होतो. ते पातळ असतं, जांभळट दिसतं आणि मीठ असल्यामुळे डोळ्यात गेलं की नट खरोखर ओरडतो. कपड्यावर जाणाऱ्या रक्तात थोडा भांडी घासायचा द्रव घातला तर डाग लवकर निघतो. तोंडात जाणाऱ्यात अर्थातच नाही. गोड मिश्रण आहे, दहा मिनिटांत मुंग्या लागतात, म्हणून शॉट लावून झाल्यावरच ओता. आणि चिऱ्यावर सांडू नका. लाल दगडावर लाल रक्त दिसत नाही आणि सच्छिद्र दगडात गेलेला रंग घरमालकाला मात्र पुढे महिनोन्‌महिने दिसतो. कोयत्याचं पातं सनबोर्डचं कापून त्यावर चंदेरी कागद लावा. खरा कोयता जवळून घ्यायच्या शॉटमध्ये एकटाच असू द्या, समोर माणूस नको.

संगीत कार्पेंटरचंच. पाच मात्रांची चाल, म्हणजे ५/४; वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला ठेका पियानोवर आणला. आपला कान चार किंवा तीनच्या पटीत टाळी द्यायला बसलेला असतो, इथे प्रत्येक आवर्तनात टाळी सरकते आणि जीव टांगणीला लागतो. चित्रपटाची संगीताविना प्रत एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली तेव्हा त्या अजिबात घाबरल्या नाहीत, हे कार्पेंटरनेच सांगितलंय. आपल्याकडे दर तीस सेकंदांनी ‘ढॅण्’ करणारे ठोके वापरतात. दहाव्या ठोक्याला प्रेक्षक मोबाइल काढतो. शिवाय कोकणातल्या रात्रीचा स्वतःचा आवाज आहे. रातकिडे, बेडूक, लांब समुद्राची गाज. हा आवाज प्रत्येक शॉटमध्ये वेगळ्या उंचीचा येतो आणि जोडल्यावर कट जिथे तिथे उडी मारतो. चित्रीकरण संपलं की सगळ्यांना गप्प करून त्याच जागेचा दोन मिनिटं नुसता आवाज मुद्रित करायचा आणि तो खाली अखंड अंथरायचा. मग हवा तिथे तो अचानक बंद करा. रातकिडे गप्प झाले की काय होतं, हे वाडीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दोष आहेत. मधला अर्धा तास लांबलाय. बेबीसिटर मैत्रिणींच्या गप्पा एका मर्यादेपलीकडे नुसत्या वेळकाढू. सहा वर्षांचा असल्यापासून कोंडलेला माणूस गाडी चालवतो कशी, याचं उत्तर एका टोमण्यात गुंडाळलंय. लॉरी हातातली सुरी टाकून देते, तीही दोनदा. मायकलचा डॉक्टर लूमिस झालेला डोनाल्ड प्लेझन्स हा चित्रपटातला एकमेव बडा नट, पाच दिवसांचे २० हजार डॉलर. मायकल किती वाईट आहे हे तो इतक्यांदा सांगतो की नवसाला कौल लावणाऱ्या गुरवासारखा वाटू लागतो. पण त्याच्या आवाजामुळे ते खपतं. जेमी ली कर्टिसचा हा पहिला चित्रपट. मानधन आठ हजार डॉलर, अंगावरचे कपडे साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत घेतलेले. ती घाबरते ती खऱ्या शेजारच्या मुलीसारखी, म्हणून सुरी टाकल्याचा राग येतो; परक्याचा एवढा राग येत नाही.

समीक्षकांनी काय केलं, ती वेगळी गजाल. २५ ऑक्टोबर १९७८ला कॅन्सस सिटीतून सुरुवात झाली, मोठी जाहिरात नाही, एकेका शहरात प्रती फिरवायच्या. सुरुवातीचं स्वागत थंडच. ‘न्यूयॉर्कर’च्या पॉलिन केल यांनी तर सरळ झोडपलं, दिग्दर्शकाकडे स्वतःचं काही नाही, सगळं आधीच्या चित्रपटांतून उचललेलं आहे असा त्यांचा रोख. यातला पुरावा खोटा नाही. हिचकॉकची छाया पावलोपावली आहे, नायिका तर ‘सायको’तल्या जॅनेट लीची मुलगी. निष्कर्ष मात्र चुकला. उसनी भांडी आणून केलेली पेज बेचव असतेच असं नाही. मग ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये टॉम ॲलन यांनी चित्रपटाची बाजू घेतली, रॉजर ईबर्ट यांनी चार तारे दिले आणि हवा पालटली.

खरी गंमत पुढे. १९८०मध्ये ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, साडेपाच लाख डॉलरचा, आणि अमेरिकेत त्यानेही चार कोटींच्या आसपास मजल मारली. समीक्षक जीन सिस्केल इतके चिडले की परीक्षणात खुनी कोण ते मुद्दाम फोडून टाकलं. त्याच वर्षी सिस्केल आणि ईबर्ट यांनी बायकांना सावज करणाऱ्या या लाटेविरुद्ध टीव्हीवर एक अख्खा कार्यक्रम केला, आणि त्यात ‘हॅलोवीन’ला मात्र वेगळं काढलं. कारण पटण्याजोगं होतं: नकलांमध्ये कॅमेरा मारेकऱ्याच्या डोळ्यांना चिकटून राहतो, इथे पहिल्या प्रसंगानंतर तो बहुतेक लॉरीकडे वळतो. १९८७मध्ये कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी शेवटी जिवंत उरणाऱ्या या मुलीला ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं आणि ज्याला कचरा म्हटलं होतं तो अभ्यासक्रमात गेला. २००६मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘हॅलोवीन’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत घेतला. मात्र यावरून ‘समीक्षक मूर्ख’ असं कुणी म्हणू नये. त्यांनी नंतरच्या शंभर नकलांना नाकारलं, त्यातल्या बहुतेक आज कुणाला आठवतही नाहीत.

हा प्रकार कोकणात रुजेल का? ‘रात्रीस खेळ चाले’सारख्या भुताच्या मालिका रुजल्या. तिच्यातला आकेरीचा वाडा बघायला पर्यटक थांबू लागले. पण स्लॅशरची, म्हणजे मारेकरी एकेकाला गाठून मारतो त्या भयपटाची, अट वेगळी आहे. पळत सुटलेली लॉरी शेजाऱ्याचं दार बडवते, आत दिवा लागतो, पडद्याआडून कुणीतरी बघतं आणि दिवा विझतो. चित्रपटातला सगळ्यात भयंकर क्षण हाच, मुखवटा त्याच्या जवळपासही नाही. भरल्या वाडीत हे घडणं अवघड होतं. एक हाक मारली की चार घरांतून बॅटऱ्या बाहेर. आता हाक मारून बघा. पाचातल्या तीन घरांना कुलूप, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार, चौथ्या घरात ऐकू न येणारी म्हातारी, पाचव्यात टीव्ही मोठ्याने. कुणी हे लिहिलं तर त्याला मनोरुग्णालय, पळालेला रुग्ण असलं काही उसनं आणावं लागणार नाही. आणि गाऱ्हाण्याने मिटणारा मारेकरीही नको. इथल्या लेखकांचा हात नेमका तिथेच घसरतो. शेवटच्या दहा मिनिटांत जुन्या पापाची कथा सांगतात, भूत शांत होतं, आणि भीती घरी जाते.

बघायचा असेल तर ९१ मिनिटांचीच प्रत बघा. अमेरिकेत टीव्हीसाठी नंतर जादा प्रसंग चित्रित करून घातलेली लांब आवृत्ती फिरत असते. त्यात मायकलबद्दल जास्त कळतं आणि म्हणून तो कमी भीतिदायक होतो. पडदा चौकोनी कापलेली प्रत असेल तर सोडून द्या, कडेला उभी असलेली आकृतीच कापली गेलेली असते. ब्लू-रे घेणाऱ्यांनी २०१३ची घ्यावी, तिचे रंग कंडीच्या देखरेखीखाली लावलेत. २००७च्या ब्लू-रेत रात्रीचा निळा रंग बराच उडालेला आहे. मुलांसोबत बघायचा नाही. दिवे घालवायचे, आणि हेडफोन हवेतच. शेवटी मायकल खाली पडतो, लूमिस वाकून बघतो तर अंगणात कुणी नाही. मग एकामागून एक रिकाम्या जागा दिसतात: जिना, खोली, बाहेरून घर, आणखी एक घर. कुठेच माणूस नाही, पण मुखवट्यातला श्वास चालू आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तो नीट ऐकूच येत नाही.